नावाची पट्टी नसलेलं ऑर्किड: ओळख कशी पटवायची आणि फूल बदललं तर काय समजायचं (खास नागपूरकरांसाठी)

नर्सरीतून आणलेल्या किंवा कुणी भेट दिलेल्या ऑर्किडच्या कुंडीत बहुतेक वेळा एकच चिठ्ठी असते, ती किमतीची. नाव विचारलं तर उत्तर येतं, "ऑर्किड आहे ना!" मग वर्षभराने पुन्हा फूल येतं आणि ते आधीसारखं नसतं. रंग उतरलेला, आकार लहान, क्वचित एखादं फूल चक्क वेगळ्याच घडणीचं. घरात लगेच दोन पक्ष पडतात: एक म्हणतो दुकानदाराने फसवलं, दुसरा म्हणतो नागपूरचं ऊन लागलं. दोघंही बरोबर असू शकतात. नेमकं कोण, हे शोधायची पद्धत इथे सांगतो.

आधीच एक स्पष्ट करतो. बाजारातली बहुतेक ऑर्किडं संकरित असतात. लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑर्किडच्या संकरांची जागतिक नोंदवही ठेवते आणि त्यात एक लाखाहून जास्त संकरांची नावं आहेत. एकाच संकराची भावंडंसुद्धा एकमेकांसारखी नसतात. त्यामुळे पट्टी एकदा हरवली की पूर्ण नाव फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही, मग सांगणारा कितीही जाणकार असो. पण झाड कोणत्या प्रजातीचं, म्हणजे फॅलेनोप्सिस, डेंड्रोबियम, व्हँडा की आणखी काही, हे तुम्ही स्वतः एका दुपारी ठरवू शकता. पाणी, ऊन, कुंडी, फुलाची वेळ हे सगळं त्यावरच ठरतं. पूर्ण नाव मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी झाडाचं काही अडत नाही.

हे जवळ ठेवा

- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि आलेखाचा कागद
- दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळवाले वापरतात तसं चालतं)
- कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर, जमल्यास आर्द्रतामापकासकट
- नवी ब्लेड
- प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या आणि साधी पेन्सिल
- एक वही. मोबाइलमधल्या नोंदी सापडत नाहीत, वही सापडते.
- खरेदीची पावती, कुरिअरच्या खोक्यावरचं लेबल, दुकानात काढलेला पहिला फोटो. हे फेकू नका. झाडाच्या नावाचा सगळ्यात पक्का पुरावा पुष्कळदा झाडावर नसतो, खोक्यावर असतो.

१. फुलाकडे नंतर, आधी झाडाच्या बांध्याकडे बघा

नवखा माणूस फुलापासून सुरुवात करतो आणि तिथेच गोंधळतो, कारण फूल संकराने हवं तसं बदलता येतं. बांधा इतक्या सहज बदलत नाही.

पहिला प्रश्न: झाड वर वाढतं की आडवं सरकतं? एकाच शेंड्यातून वर वर पानं येत असतील आणि जाडजूड मुळं बाजूने फुटत असतील तर फॅलेनोप्सिस किंवा व्हँडाच्या बाजूचं समजा. दरवर्षी बुडाशी नवा कोंब येऊन शेजारी नवी फुगीर दांडी तयार होत असेल तर डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियमच्या बाजूचं.

मग पुढे:

*फॅलेनोप्सिस.* रुंद, जाड, लोळल्यासारखी मोजकी पानं. खोड जवळजवळ दिसत नाही. मुळं कोरडी असताना चंदेरी, पाणी घातलं की हिरवी. फुलांची दांडी पानाच्या बगलेतून, थोडी तिरकी येते. तिचं टोक चपटं असतं, मुळाचं टोक गोल आणि चकचकीत. नवीन लोक मुळालाच दांडी समजून काठी बांधतात, म्हणून एवढं सांगितलं.

*व्हँडा.* दोन्ही बाजूंना ओळीने लागलेली पट्ट्यांसारखी पानं, आणि हवेत लोंबणारी मुळं. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोपलीत, मातीशिवाय विकतात. याच घराण्यातले मोकारासारखे संकर उंच, काटक आणि ऊन सोसणारे असतात.

*डेंड्रोबियम.* उसाच्या कांड्यांसारख्या दांड्या. बुकेत हमखास दिसणारी जांभळी-पांढरी फुलं याचीच; तो 'सोनिया' नावाचा संकर बाजारात फार चालतो. फुलं दांडीच्या शेंड्याजवळून लांब तुऱ्यात येत असतील तर हा एक प्रकार. पेरापेरावर दोन-दोन, तीन-तीन फुलं थेट कांडीला चिकटून येत असतील तर तो नोबिल प्रकार. हे दोन वेगळे ओळखणं फार महत्त्वाचं आहे. नोबिलला हिवाळ्यात थंडी आणि कमी पाणी हवं असतं, तर पहिल्याची पानं थंडीत गळू शकतात.

*कॅटलिया.* फुगीर दांडी, तिच्या माथ्यावर चामड्यासारखं कडक एक पान किंवा दोन पानं. कळी बहुधा कागदी म्यानातून बाहेर येते. फूल मोठं, झालरीच्या ओठाचं, पुष्कळदा सुगंधी.

*ऑन्सिडियम.* चपटे, अंडाकार कंद, बुडातून निघणारी लांब फांद्यांची दांडी, पिवळी बारीक फुलं. 'डान्सिंग लेडी' म्हणतात ते हेच. फुलं गडद तांबूस-पांढरी असून सकाळी चॉकलेटसारखा वास येत असेल तर ते 'शेरी बेबी' असण्याची शक्यता बरीच आहे. वासाने नावापर्यंत नेणारी अशी झाडं मोजकीच.

*स्पॅथोग्लॉटिस.* नारळाच्या रोपासारखी चुण्या पडलेली पानं, मातीत वाढतं. नागपुरात नवशिक्यांसाठी हे सगळ्यात सोपं, पण दिसायला 'ऑर्किड' वाटत नाही म्हणून लोक घेत नाहीत.

गवतासारख्या लांब पानांचं सिम्बिडियम कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. त्याला फुलायला थंड रात्री लागतात आणि आपला मे महिना त्याला झेपत नाही.

गावाकडच्या आंब्यावर किंवा मोहावर दिसणारी आमरी, म्हणजे रानटी ऑर्किड, ही वेगळी गोष्ट. विदर्भात अशा झाडांवर रास्ना, म्हणजे व्हँडा टेसेलाटा, आढळते. पिवळट-हिरवट पाकळ्यांवर तपकिरी जाळीदार नक्षी आणि निळसर-जांभळा ओठ, अशी तिची खूण. एका झाडाची फुलं दुसऱ्यासारखी नसतात, तपकिरीची गडद-फिकट छटा निसर्गातच बदलते. पेंच किंवा इतर संरक्षित जंगलातून रोप उपटणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. फोटो काढा, झाड तिथेच राहू द्या.

२. आता फूल, तेही मागून

ऑर्किडच्या फुलाला बाहेरची तीन दलं, आतल्या दोन पाकळ्या आणि तिसऱ्या पाकळीचा झालेला ओठ असतो. मधोमध एक छोटा खांब असतो, त्याच्या टोकाला टोपीखाली परागाचे पिवळे गोळे.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती फॅलेनोप्सिस आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या डेंड्रोबियममध्ये. समोरून दोघांचीही फुलं गोल, भरीव, फुलपाखरासारखी. फूल बाजूने धरा. ओठाच्या मागे, देठाच्या बाजूला हनुवटीसारखा बाहेर आलेला टोकदार फुगवटा दिसला तर ते डेंड्रोबियम. फॅलेनोप्सिसची मागची बाजू सपाट असते. शिवाय मोठ्या पांढऱ्या किंवा गुलाबी फॅलेनोप्सिसच्या ओठाच्या टोकाला बहुधा दोन बारीक वळलेल्या मिशा असतात. भिंगाची गरज नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एकदा पाहिल्या की पुन्हा चूक होत नाही.

अजून खात्री हवी असेल आणि एखादं फूल उतरत आलं असेल तर सुईच्या टोकाने टोपी उचला. फॅलेनोप्सिस आणि व्हँडाचे परागगोळे दोन, डेंड्रोबियमचे चार. ताज्या फुलावर हा प्रयोग करू नका, पराग काढलेलं फूल लवकर कोमेजतं.

३. फोटो असे काढा की समोरच्याला काही सांगता येईल

जाणकाराला एकच सुंदर फोटो पाठवून "हे कोणतं?" विचारणं म्हणजे डॉक्टरला पासपोर्ट फोटो पाठवणं. हे पाठवा: फूल समोरून, बाजूने, मागून, ओठ जवळून, फुलाशेजारी मोजपट्टी, पूर्ण झाड कुंडीसकट, दांडी कुठून निघाली ती जागा, मुळं.

उजेड सकाळचा, सावलीतला घ्या. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली पांढरं फूल क्रीम दिसतं. जांभळा आणि निळा हे दोन रंग मोबाइल कॅमेरा हमखास बिघडवतो, म्हणून फुलाशेजारी पांढरा कागद ठेवा आणि रंग शब्दांत वहीत लिहा: वांग्यासारखा, जांभळाच्या रसासारखा, राणी रंग. हा उद्योग जुनाट वाटेल, पण वर्षभराने तुलना करताना फोटोपेक्षा तोच कामी येतो.

४. नाव कुठे शोधायचं, आणि कुठे थांबायचं

मोबाइलवरची ओळख सांगणारी अ‍ॅप प्रजातीपर्यंत ठीक. त्यापुढे त्यांचं ऐकू नका. बाजारातल्या कोणत्याही पांढऱ्या संकराला ती एखाद्या जंगली जातीचं नाव सहज चिकटवतात.

पट्टी अर्धी पुसलेली असेल तर मात्र हाती खजिना आहे. 'फॅल.' म्हणजे फॅलेनोप्सिस, 'डेन.' म्हणजे डेंड्रोबियम, 'ऑन्क.' म्हणजे ऑन्सिडियम. एकेरी अवतरणातलं नाव त्या एका निवडक रोपाचं असतं, त्याआधीचं संकराचं. संकराचं नाव वर सांगितलेल्या नोंदवहीत इंटरनेटवर फुकट शोधता येतं आणि आईबापही कळतात. जुन्या पट्टीवर 'डोरिटेनोप्सिस' असेल तर घाबरू नका, ते आता फॅलेनोप्सिसमध्येच धरतात. 'अ‍ॅस्कोसेंडा' तसंच व्हँडात.

शहरात विचारायचं तर महाराजबागेच्या परिसरातलं कृषी महाविद्यालय आहे, विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. रानटी जातीसाठी विचारत असाल तर वनस्पतिशास्त्राची माणसं तुम्हाला पुढे नेतील. संकरासाठी विचाराल तर तीही प्रजातीवरच थांबतील, आणि ते प्रामाणिक उत्तर आहे. पाच मिनिटांत पूर्ण नाव छातीठोक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

मोठा सापळा हा: फोटो जुळला म्हणून नाव लिहून टाकायचं नाही. तुम्ही लिहिलेलं अंदाजी नाव रोपाच्या पिल्लासोबत दुसऱ्या घरी जातं आणि तिथे ते खरं होऊन बसतं.

५. फूल बदललं? हे क्रमाने तपासा

*रंगवलेलं होतं का?* लख्ख निळा, शाईसारखा फॅलेनोप्सिस घेतला असेल तर तो पांढऱ्या झाडाच्या दांडीत रंग सोडून केलेला असतो. दांडीवर मेणाने बुजवलेलं छोटं भोक शोधा. त्याच दांडीवर नंतर उमललेली फुलं फिकट येतात आणि पुढच्या वर्षी सगळी पांढरी. झाड ठणठणीत आहे, पांढरं आहे, आणि ते आपोआप पुन्हा निळं होत नाही. व्हँडातला निळसर-जांभळा मात्र खरा असू शकतो. ईशान्येच्या निळ्या व्हँडाचा, व्हँडा सेरुलियाचा, अंश पुष्कळ संकरांत आहे. त्या पाकळ्यांवर चौकटीची नक्षी दिसते.

*कुंडीत दोन झाडं आहेत का?* भरगच्च दिसावं म्हणून एका कुंडीत दोन रोपं लावून विकतात. गेल्या वर्षी एक फुललं, यंदा दुसरं. कुंडीच्या कडेने बोट फिरवून बुंधे मोजा.

*कळ्या कोणत्या तापमानात वाढल्या?* नागपुरात ही सगळ्यात मोठी बाब. गुलाबी, लाल, जांभळे रंग ज्या द्रव्यांमुळे येतात ती थंडाव्यात आणि चांगल्या उजेडात जास्त तयार होतात, उष्णतेत कमी. दुकानातलं झाड वातानुकूलित किंवा डोंगराळ भागातल्या हरितगृहात वाढलेलं असतं. तेच तुमच्या गॅलरीत डिसेंबर-जानेवारीत कळ्या धरून फेब्रुवारीत उमललं तर रंग गडद येतो. कळ्या मार्च-एप्रिलमध्ये भरल्या तर फिकट आणि लहान. ठिपके आणि रेषा असलेल्या जातींत तर ठिपक्यांची संख्यासुद्धा बदलते. म्हणूनच थर्मामीटर. कळी दिसल्यापासून उमलेपर्यंतची कमाल-किमान तापमानं लिहून ठेवली की पुढच्या वर्षी अंदाज करत बसावं लागत नाही.

*फुलाचं वय किती?* पिवळी फॅलेनोप्सिस उमलल्यावर काही आठवड्यांनी फिकी पडतात. परागण झालं तर काही जातींत पाकळ्या गळत नाहीत, हिरव्या आणि जाड होतात. उमलल्याच्या चौथ्या दिवशीचा फोटो आणि महिन्यानंतरचा फोटो यांची तुलना करून वाद घालू नका.

*झाड थकलेलं आहे का?* मुळं सडली असतील, पानं सुरकुतली असतील तर फुलं कमी आणि बारीक येणारच. इथलं बोअरवेलचं पाणी अनेक भागांत जड आहे. मुळांवर आणि नारळाच्या सालीवर पांढरा थर दिसला की पावसाचं साठवलेलं पाणी किंवा आरओचं शुद्ध पाणी द्या. आरओतून बाहेर जाणारं खारट पाणी चुकूनही नको.

*एखादंच फूल विचित्र आहे का?* पाकळ्या ओठासारख्या झाल्या असतील तर तो घडणीतला फेर आहे. ऊतिसंवर्धनातून (टिश्यू कल्चर) हजारोंनी केलेल्या रोपांत असे प्रकार अधूनमधून निघतात, तर कधी कळी वाढताना बसलेल्या तापमानाच्या धक्क्यानेही होतं. पुढची दोन फुलोरं बघा. दरवेळी आलं तर तो झाडाचा स्वभाव, नाही आलं तर हवामानाचा खेळ.

*फुलं वाकडीतिकडी बघतायत?* ऑर्किडची कळी उमलण्याआधी स्वतः वळून ओठ खाली आणते. त्या दिवसांत तुम्ही कुंडी उजेडाकडे फिरवत राहिलात तर फुलं दाही दिशांना तोंड करतात. कुंडीवर खडूने खूण करा आणि दांडी दिसल्यावर फिरवू नका.

६. हवामान की आजार?

इथे घाई करू नका, पण दुर्लक्षही नको.

हवामानाने झालेला रंगाचा बदल सगळ्या फुलांवर सारखा असतो आणि दोन्ही बाजूंना जुळतो. विषाणूचा फटका तसा नसतो: एकाच दांडीवर एका पाकळीत रंगाचे ओबडधोबड फराटे, दुसरीत नाहीत, फूल मुडपलेलं, पानांवर पिवळट किंवा काळपट रेघा. ऑर्किडवर सर्वत्र आढळणारे दोन विषाणू म्हणजे सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लोसम रिंगस्पॉट. त्यांवर औषध नाही आणि कापण्याच्या हत्याराने ते पसरतात. नुसत्या स्पिरिटने पुसण्यावर भिस्त ठेवू नका. प्रत्येक झाडाला नवी ब्लेड, किंवा कात्री ज्योतीवर लाल करून. संशयित झाड बाजूला ठेवा आणि त्याचं पिल्लू कुणाला देऊ नका.

पाकळ्यांच्या कडा चंदेरी-तपकिरी, खरवडल्यासारख्या दिसल्या तर फुलकिडे. कोरड्या उन्हाळ्यात हमखास. पांढऱ्या फुलांवर पावसाळ्यात किंवा दमट थंडीत टाचणीएवढे तपकिरी ठिपके आले तर बुरशी. फूल काढून टाका, हवा खेळती ठेवा.

कळ्या पिवळ्या पडून गळत असतील तर आजार शोधण्याआधी घर बघा. कूलरचा झोत थेट कळ्यांवर आहे का? शेजारी आंब्याची अढी घातली आहे का, केळी पिकत ठेवली आहेत का? पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कळ्या पाडतो आणि उमललेली फुलं झोपवतो. आपल्या संत्र्यातून तो फारसा निघत नाही, पण पेटीत हिरवी बुरशी धरलेलं एखादं फळ राहिलं तर ती बुरशी भरपूर इथिलीन सोडते. देवघरातल्या उदबत्तीचा धूरही बंद खोलीत तेच करतो. या सवयी बदलायला झाडापेक्षा घरातली माणसं जास्त वेळ घेतात, राजेहो.

७. नागपूरचं वर्ष, फुलाच्या हिशोबाने

फॅलेनोप्सिसला दांडी काढायला काही आठवडे २५-२६ अंशांखालचं तापमान लागतं. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री ते काम आपोआप करतात, म्हणून झाड तेव्हा खिडकीशी ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास आला की रात्री घरात घ्या. नोबिल डेंड्रोबियमचं पाणी नोव्हेंबरपासून कमी करा, कळ्यांचे फुगवटे दिसेपर्यंत.

मार्चपासून ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट. नवतप्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा फुलाची अपेक्षाच ठेवू नका, झाड टिकवा. कूलरच्या खोलीत, झोतापासून दूर, ही त्याची उन्हाळ्यातली उत्तम जागा. एप्रिल-मेमध्ये ऑनलाइन झाड मागवू नका. खोकं दोन दिवस गोदामात राहिलं की कळ्या गेल्याच. व्हँडा आणि मोकारा मात्र पावसाळ्यात खुलतात, त्यांची नवीन मुळं तेव्हाच बघण्यासारखी असतात.

८. आता पट्टी लिहा

नाव माहीत नसलं तरी पट्टी हवीच. त्यावर हे: प्रजाती, पुढे 'नाव अज्ञात', तुमचा स्वतःचा क्रमांक, कुठून आणि कोणत्या महिन्यात आणलं, पहिल्या फुलाचा रंग आणि रुंदी. उदाहरणार्थ: "फॅलेनोप्सिस, नाव अज्ञात, क्र. ७, सेमिनरी हिल्सची नर्सरी, जाने. २०२४, पांढरं, ओठ पिवळा, ९ सेंमी." अंदाजी नाव सुचलंच तर ते वहीत, प्रश्नचिन्हासह. पट्टीवर नाही.

पेन्सिलीनेच लिहा. मार्करची शाई आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात उडते. दोन पट्ट्या करा: एक दिसेल अशी, दुसरी कुंडीत खोल गाडलेली, कारण वरची पट्टी लहान मुलं, माकडं आणि झाडू यांपैकी कुणीतरी पळवतंच. टोपलीतल्या व्हँडाला तांब्याची तार वापरू नका, ती मुळांना बाधते. प्लॅस्टिक आवरणाची तार चालते. पिल्लू वेगळं करून कुणाला दिलंत तर क्रमांकासह पट्टीची नक्कल त्याच कुंडीत खोचून द्या. दांडीवरचं पिल्लू मूळ झाडाचीच प्रत असतं, त्यामुळे दोन घरांतली फुलं वेगळी आली तर फरक झाडाचा नाही, जागेचा आहे, हे दोघांनाही पट्टीवरून लगेच कळेल.